गावठी म्हणून हिणवू नका!

बाजारात अंडी घेताना आपण हमखास विचारतो, ‘‘गावठी आहेत ना?’’ गावठी कोंबडीला बॉयलरपेक्षा जास्त पैसे मोजतो आणि वर पाहुण्यांना कौतुकाने सांगतो, ‘‘गावठी आहे हो, रस्सा बघा कसा झालाय!’’ आमच्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला जीआय मानांकन मिळालं, तेव्हा तर आम्हा सगळ्यांचीच मान उंचावली. म्हणजे जे इथल्या मातीतलं, इथल्या हवापाण्यातलं, ते चांगलं हे आपल्याला पटलेलं आहे. मग याच ‘गावठी’ शब्दापुढे ‘कुत्रा’ हा शब्द आला की आपलं नाक मुरडतं ते का?

बचत गटांच्या कामानिमित्त मी थळपासून श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्यावरच्या गावांमधून फिरते. वाडीच्या बेड्यात, कोळीवाड्यात, एसटी थांब्यावर, देवळाच्या पायरीवर हा प्राणी दिसला नाही असं एकही गाव नाही. पण ‘‘तुमच्याकडे कुत्रा कुठल्या जातीचा?’’ असं विचारलं की बायका हसून म्हणतात, ‘‘जात कसली वहिनी, गावठीच आहे!’’

मैत्रिणींनो, माझं म्हणणं उलटं आहे. जात असलीच तर ती याचीच आहे आणि ती फार जुनी आहे.

आपण ज्यांना ‘जातिवंत’ म्हणतो त्या लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, पग वगैरे मंडळींचे आजचे नमुने बहुतांशी गेल्या दीडदोनशे वर्षांत युरोपात घडवले गेले. कोणाला चपटं नाक आवडलं, कोणाला लांब केस, म्हणून माणसाने जोड्या लावून ते तयार केले. कुत्रा माणसासोबत राहतोय तो मात्र किमान १५ हजार वर्षांपासून. त्या जुन्या कुत्र्याला कोणी मुद्दाम घडवलं नाही. ऊन, पाऊस, उपासमार आणि माणसाची सोबत यांनीच त्याला घडवलं. आपला गावठी कुत्रा हा त्या जुन्या घराण्यातला. २०१५ साली ३८ देशांमधल्या गावकुत्र्यांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आशिया-आफ्रिकेच्या बऱ्याच भागांतले गावकुत्रे हे विलायती जातींची भेसळ होऊन झालेले नसून तिथलेच मूळचे आहेत, असं त्यात दिसून आलं. म्हणजे ज्याला आपण बिनजातीचा म्हणतो तोच खरा खानदानी!

पुरावे आपल्या महाराष्ट्रातही आहेत. तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद नावाचं गाव आहे. १९७४ साली तिथे जमीन खणताना काशाच्या चार वजनदार मूर्ती सापडल्या. त्यांतला एक आहे बैलांचा रथ. रथात माणूस उभा आहे आणि रथाच्या दांड्यावर चक्क एक कुत्रा उभा आहे! उत्खनन करणाऱ्यांच्या मते या मूर्ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या. त्याही काळात शेतावर निघालेल्या धन्याच्या पुढे हा होताच. आजही बैलगाडी निघाली की तो चाकाच्या सावलीतून चालतो ना, तसाच.

इंग्रज आले आणि त्यांनी याला नाव दिलं ‘पारिया डॉग’. तमिळनाडूतल्या एका दलित समाजाच्या नावावरून हा शब्द आला. माणसाचाही अपमान आणि कुत्र्याचाही! म्हणूनच याच्यावर काम करणारी मंडळी आता ‘इंडॉग’ असं नाव वापरतात. आपण आपलं ‘गावठी’ म्हणावं, पण गावठी अंड्यासारखं, मानाने.

आता हा अस्सल गावठी ओळखायचा कसा? शरीर मध्यम आणि सडपातळ, वजन साधारण १५ ते २५ किलोच्या घरात. छाती खोल, पोट आत गेलेलं, पाय लांब. तोंड पाचरीसारखं निमुळतं, डोळे बदामाच्या आकाराचे आणि बहुधा तपकिरी. कान उभे, आवाजाच्या दिशेला फिरणारे. शेपटी वर वळलेली, तीच ती नळीत घातली तरी सरळ न होणारी! केस आखूड. रंग बहुतेक वेळा तांबूस किंवा बदामी, कधी काळा, कधी पांढऱ्यावर ठिपके. आता शहराजवळच्या गावांत विलायती कुत्र्यांशी सरमिसळ झाल्यामुळे लोंबते कान आणि झुपकेदार शेपट्याही दिसू लागल्या आहेत. पण आतल्या गावात, डोंगराच्या कुशीतल्या आदिवासी वाडीवर गेलात तर जुनं रूप अजून पाहायला मिळतं.

आखूड केसांमुळे हा आपल्या दमट हवेत टिकतो. त्याला सहसा वास येत नाही, आंघोळीचे लाड लागत नाहीत. काही विलायती जातींमध्ये जन्मजात असणारे कंबरेच्या सांध्याचे आणि श्वासाचे विकार याच्यात क्वचितच दिसतात. नीट सांभाळला तर १२-१५ वर्षं आरामात जगतो. खायला काय, तर घरात असेल ते! भात, भाकरी, माशाची डोकी. थंडीत चुलीच्या राखेत अंगाचं मुटकुळं करून झोपेल, उन्हाळ्यात माडाच्या आळ्यात ओल्या मातीत खड्डा करून पसरेल. स्वतःची सोय स्वतः बघणारा पाहुणा कोणाला नको असतो?

स्वभावाने हा सावध. अनोळखी माणसाला तो एकदम चावत नाही. आधी लांब उभा राहतो, भुंकतो, वास घेतो आणि मग ठरवतो. त्याची स्वतःची हद्द ठरलेली असते. त्या हद्दीत रात्री परकं पाऊल पडलं की सगळं आवार जागं करतो. एका गावात नारळ-सुपारीची वाडी एकटीने सांभाळणाऱ्या मावशी आहेत. मुलगा मुंबईत नोकरीला, नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली. त्या म्हणाल्या, ‘‘वहिनी, दाराला कडी घालते ती सवयीने. झोप लागते ती मोती आहे म्हणून.’’ माकडं, रानडुकरं, वाडीत शिरणारा भुरटा चोर, सगळ्यांना एकटा मोती पुरून उरतो. सुकत घातलेल्या बोंबलांची राखण करणाऱ्या कोळणींनाही विचारून पाहा. मांजर आणि कावळा यांच्याशी त्यांचं भांडण दिवसभर चालतं, त्यात कुत्रा त्यांच्या बाजूचा असतो. अर्थात त्यालाही त्याचा वाटा द्यावा लागतो!

बुद्धीचं म्हणाल तर कोलकात्याच्या ‘आयसर’ या विज्ञान संस्थेतले अभ्यासक गेली अनेक वर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. कोणीही न शिकवलेले हे कुत्रे माणसाने बोटाने दाखवलेली दिशा समजून घेतात, असं त्यांना २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळलं. नुसतं खायला घालणाऱ्यापेक्षा अंगावरून हात फिरवणाऱ्यावर ते जास्त लवकर विश्वास टाकतात, असंही त्यांनी आधी दाखवून दिलं होतं. वाचून मला नवल वाटलं नाही. घरातल्या माणसांचंही तसंच असतं की!

एवढं असूनही आपल्याला हवा असतो तो दुसराच. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी आला, घरोघरी पॉमेरेनियन आले. २००३ च्या सुमारास हचच्या जाहिरातीत तो चपट्या नाकाचा पग मुलाच्या मागे धावला, लगेच पगची लाट आली. आता आमच्या किनाऱ्यावर हस्की आलाय. बर्फात गाडी ओढणारा हस्की, तोही कोकणातल्या मे महिन्यात! २०२० मध्ये मांडव्याची रो-रो सुरू झाली, २०२४ मध्ये अटल सेतू झाला, मुंबई आणखी जवळ आली. शनिवार-रविवारचे बंगले वाढले आणि सोबत त्यांचे कुत्रेही. सगळेच मालक वाईट असतात असं नाही. पण आठवडाभर साखळीला बांधलेलं आणि माळी येईल तेव्हा भाकरी मिळणारं जनावर मी पाहिलं आहे. हौस फिटल्यावर समुद्रावर सोडून दिलेलंही पाहिलं आहे. गावठी निदान जगून तरी जातो. या बिचाऱ्यांना तेही जमत नाही.

मला सगळ्यांत जास्त खुपते ती मात्र आणखी वेगळी गोष्ट. पिल्लू न्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न काय विचारतो? ‘‘कुत्रा आहे ना? कुत्री नको.’’ नर पिल्लं बघता बघता संपतात. माद्या उरतात. मग कोणीतरी त्या गोणत्यात भरून खाडीपलीकडे नाहीतर मासळीबाजाराशी सोडून येतं. ‘‘पिल्लांची लेंढारं कोण सांभाळणार?’’ हे कारण. मादी म्हणजे कटकट हा हिशेब आपल्या घरांमधूनच त्या गोणत्यापर्यंत पोचला आहे, असं मला वाटतं. राग आला की बाईला देण्याची शिवीसुद्धा ‘कुत्री’च. कुत्रा इमानी आणि कुत्री मात्र शिवी, हा न्याय कुठला?

याचा परिणाम काय होतो तेही बघा. सोडलेली मादी मरत नाही. ती बाजारात तग धरते. अस्सल गावठी मादी विलायती मादीसारखी वर्षातून दोनदा नाही, तर साधारण एकदाच, भाद्रपदाच्या आसपास माजावर येते. पुढे दोन महिन्यांनी, कार्तिक-मार्गशीर्षात पिल्लं होतात. कोलकात्याच्या त्याच अभ्यासकांनी पाच वर्षं पिल्लांच्या नोंदी ठेवल्या. पाचांतलं जेमतेम एक पिल्लू वयात येईपर्यंत जगलं. मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक पिल्लांच्या मृत्यूला या ना त्या प्रकारे माणूस कारणीभूत होता, मग ती गाडी असो, विष असो किंवा आईपासून केलेली ताटातूट. जी जगतात ती माणसाचा धाक आणि रागच शिकून मोठी होतात. आणि मग आपण म्हणतो, गावात मोकाट कुत्री फार माजली आहेत!

कुत्र्यांची दहशत खोटी आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. शाळेच्या वाटेवर पोराच्या पोटरीचा लचका तोडला गेला, की त्या आईला कोणी जातीच्या गोष्टी सांगू नयेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासाचे आकडे २०२५ मध्ये आले. आपल्या देशात दरवर्षी सुमारे ५ हजार ७०० माणसं रेबीजने मरतात, असा त्यांचा अंदाज आहे. लस उपलब्ध असताना! हा रोग एकदा दिसू लागला की जवळजवळ कोणी वाचत नाही. म्हणून हे पाठ करून ठेवा. कुत्रा चावला, ओरखडला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची, तंबाखू काहीही भरायचं नाही. तडक सरकारी दवाखाना गाठायचा. पोटातली ती १४ इंजेक्शनं बंद होऊन वीसेक वर्षं झाली, आता दंडावर मोजकी इंजेक्शनं असतात. पण डॉक्टर सांगतील त्या तारखांना सगळी घ्यायची. जखम खोल असेल तर लसीसोबत सीरमही लागतं, ते विचारून घ्यायचं.

किनाऱ्याचं आणखी एक दुखणं आहे. हरिहरेश्वर, मारळ, दिवेआगरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मोकाट कुत्री ती घरटी उकरतात. पर्यटकांनी किनाऱ्यावर टाकलेलं चिकन-बिर्याणीचं उरलंसुरलं खाऊन कुत्र्यांची संख्या वाढते आणि थंडीत पर्यटक कमी असलेल्या दिवशी तीच कुत्री अंड्यांकडे वळतात. कुत्र्याला कासव दुर्मीळ आहे हे काय माहीत? ते माहीत असणारे आपण आहोत ना!

मग उपाय काय? काही गावांनी शोधलेला उपाय म्हणजे विष. एका गावात चावण्याचे दोन-तीन प्रकार झाले आणि आठवड्याभरात गल्लीतले सात-आठ कुत्रे तोंडाला फेस येऊन पडले. त्यांत रोज अंगणवाडीच्या पायरीवर झोपणारा, पोरांच्या अंगाखांद्यावर खेळणाराही होता. चावणारा नेमका वाचला, तो हुशार होता! रिकाम्या झालेल्या हद्दीत वर्षभरात दुसऱ्या गावची कुत्री आली, ती तर कोणालाच ओळखत नव्हती. विष घालणं गुन्हा आहेच. भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात जनावराला विष घालून मारण्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण त्याहीपेक्षा, विषाने काम होत नाही हे समजून घ्यायला हवं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतले सगळे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, तेव्हा देशभर गदारोळ झाला. अकराच दिवसांनी न्यायालयाने त्यात बदल केला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे जिथले तिथे सोडावेत, रेबीज झालेले आणि हिंस्र मात्र सोडू नयेत, असं सांगितलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातून कुत्रे हटवून ते परत तिथे न सोडण्याचा आदेश झाला. टीव्हीवर दोन्ही बाजूंचे लोक तावातावाने भांडले. पण या चर्चेत आमच्या वाडीतली मावशी कुठेच नव्हती. कुत्रा हवा म्हणणारेही शहरातले, नको म्हणणारेही शहरातले.

आपल्याकडे तर दगडाच्या कुत्र्यावरूनही वाद होतात. रायगडावर १९३६ साली उभारलेलं वाघ्याचं शिल्प २०१२ मध्ये हटवलं गेलं, पुन्हा बसवलं गेलं आणि २०२५ मध्ये ते हटवण्याच्या मागणीवरून पुन्हा वाद पेटला. वाघ्या खरा की काल्पनिक, हे इतिहासकारांनी कागदपत्रं बघून ठरवावं. माझा प्रश्न साधा आहे. त्याच गडाच्या पायथ्याच्या गावांत हाडं दिसणारी, खरजेने भरलेली जिवंत कुत्री फिरतात, त्यांच्यासाठी किती जणांनी आवाज उठवला? दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात. हरिहरेश्वरला आपण काळभैरवापुढे हात जोडतो, त्याचं वाहन कुत्रा. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेव महाराजांची गोष्ट आपणच मुलांना सांगतो. आणि देवळाबाहेर आलं की, ‘‘हाड!’’

मैत्रिणींनो, हे काम आपलं आहे असं मला वाटतं, कारण कुत्र्याशी रोजचा संबंध आपलाच. शिळी भाकरी टाकणाऱ्याही आपणच आणि मुलाला चावल्यावर दवाखान्यात धावणाऱ्याही आपणच. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायची असा आपल्या राज्यात नियम आहे. तिथे पाणी, रस्ता, दारूबंदीसोबत हा विषयही मांडा. २०२३ च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. एकट्या ग्रामपंचायतीला खर्च झेपत नसेल तर आसपासच्या चार-पाच गावांनी मिळून पशुसंवर्धन विभागाकडे आणि जिल्हा परिषदेकडे मागणी करावी. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं.

पंचांग बघून काम केलं तर सोपं पडतं. नसबंदी पावसाळ्यापूर्वी, म्हणजे भाद्रपदाच्या आधी व्हायला हवी. आधी माद्यांची. कार्तिकात जन्मलेली पिल्लं माघ-फाल्गुनात तीन महिन्यांची होतात, तेव्हा त्यांना रेबीजची पहिली लस. पुढे दरवर्षी एकदा. गावातल्या १०० कुत्र्यांपैकी ७० जणांना लस मिळत राहिली तर रोगाची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एकूणएक कुत्रा पकडता आला नाही तरी चालेल, पण काम दरवर्षी व्हायला हवं. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच असते. ती दिसली की मुलांनाही सांगा, याचं ऑपरेशन झालंय. बचत गटातल्या दोघीतिघींनी वहीत आपल्या आळीतल्या कुत्र्यांची नोंद ठेवली तरी निम्मं काम होतं. कोणत्या मादीला पिल्लं झाली, कोणाला लस दिली हे आपल्यापेक्षा चांगलं कोणाला ठाऊक असणार?

आणि घरात कुत्रा आणायचा असेल तर हस्की नको. आपल्याच आळीतलं पिल्लू घ्या, आणि मुद्दाम मादी घ्या. माद्या राखणीला नराइतक्याच तिखट असतात, बऱ्याचदा घराला जास्त धरून राहतात. एक छोटं ऑपरेशन केलं की पिल्लांचा प्रश्नही मिटतो. साखळीला मात्र बांधू नका, त्याला अंगण आणि सोबत लागते.

येत्या मार्गशीर्षात तुमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात, होडीखाली किंवा देवळाच्या मागे पिल्लं कुईकुई करतीलच. त्यांतली एक, बारीक, मागे राहिलेली, कोणीच न मागितलेली मादी असेल. तिला घरी आणा, छानसं नाव ठेवा. आणि कोणी विचारलंच, ‘‘कुठल्या जातीची हो?’’ तर सांगा, ‘‘अस्सल गावठी!’’